मूळ शॉकअपवर ४० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंगा? आधी डिकी भरून मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची पाच जणांची हॅचबॅक, ६०,००० किमी झालेली. टायर आणि मडगार्डमधली चार बोटांची फट डोळ्यांना खुपते, म्हणून ४० मिमी खाली घेणाऱ्या स्प्रिंगा बघून ठेवल्या आहेत. शॉकअप मूळचेच ठेवले तर चालतील का?

माझ्या मते नाही. ४० घेऊ नका, आणि ६०,००० किमी झालेल्या शॉकअपवर तर कुठल्याच लोअरिंग स्प्रिंगा चढवू नका. २० ते २५ मिमीच्या घ्या आणि सोबत त्यांना जुळणारे नवे शॉकअप घ्या. दोन्ही एकदम जमत नसेल तर थोडं थांबा. हीच चूक मी स्वतःच्या गाडीवर केली आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

फट दिसते बाहेरून, पण तुम्ही कमी करताय तो चाकाचा वर जायचा प्रवास. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या चाकाला बंप स्टॉप (चाकाचा वरचा प्रवास अडवणारा फोमचा ठोकळा) लागेपर्यंत ८० मिमी जागा आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा दर, म्हणजे तिचा कडकपणा, मिलिमीटरला २५ न्यूटन आहे. मागे तिघं बसले, डिकी भरली आणि प्रत्येक मागच्या चाकावर १०० किलो जादा भार आला, तर गाडी साधारण ४० मिमी बसते. उरले ४०, खड्ड्याला तेवढे पुरतात. आता ४० मिमीची लोअरिंग स्प्रिंग टाका आणि ती ३० टक्के कडक आहे असं धरा. तोच भार तिला ३० मिमी बसवेल, पण ४० तर आधीच गेलेले. उरले १०. एवढ्यावर साधा गतिरोधकही अंगावर येतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील, पण हिशेब हाच. पुढच्या बाजूला इतका त्रास होत नाही, कारण इंजिनचं वजन कायमचं असतं. घरच्या गाडीत भार बदलतो तो मागे.

माझ्या गाडीला ४० च्या स्प्रिंगा बसवल्या तेव्हा पहिले दोन आठवडे मी एकटाच चालवत होतो आणि खरंच खूष होतो. स्टीअरिंगला गाडी लगेच वळायची. मग आईवडिलांना मागे बसवून लांबच्या प्रवासाला निघालो. रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला मागून ‘धप्प’ आवाज येत होता. आईने कमरेमागे उशी घेतली आणि नंतर बोलणंच थांबवलं. परत आल्यावर मागच्या शॉकअपचं रबरी बूट वर सरकवलं, तर बंप स्टॉपचा पिवळा फोम चुरा होऊन हातात आला आणि दांड्याच्या सीलपाशी तेल पाझरलेलं होतं.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवणं. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की तेवढ्याच शांतपणासाठी शॉकअपचा रोधही सुमारे १४ टक्के जास्त लागतो. तुमचे शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी बनलेले आणि आता थकलेले. त्यामुळे खड्डा गेल्यावर गाडी एकदा बसून थांबणार नाही, दोन-तीनदा हिंदकळेल. वेगात, वळणावर, पावसात हे धोक्याचं आहे.

खाली गेलेली गाडी वळणात कमी कलते, हे अर्धंच खरं आहे. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असलेल्या गाडीत लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आडवा होऊन त्याचं चाकाकडचं टोक वर जायला लागलं की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे कलवणारी तरफ लांब होते. मग स्प्रिंगचा बराचसा जादा कडकपणा हे नुकसान भरून काढण्यातच खर्ची पडतो. २० ते २५ वर आर्म फारसा बिघडत नाही, म्हणून मी तिथे थांबायला सांगतो.

मूळ स्प्रिंग कापून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खड्ड्यात लोंबलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. गरम करून बसवलेल्या स्प्रिंगचं पाणीच उतरतं, ती पुढे बसत जाते किंवा तुटते.

विकत घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा. मागच्या शॉकअपचं बूट वर सरकवा, दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय घट्ट आवळा आणि खाली शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवा. मग पाचही जण बसवा, डिकी भरा आणि रोजच्या रस्त्यावरून फिरून या. टाय जिथे सरकून थांबेल तिथपर्यंत शॉकअप दबला होता. तिथून बंप स्टॉपपर्यंत किती उरलं ते पट्टीने मोजा. बंप स्टॉपला हलका स्पर्श चालतो, बऱ्याच गाड्यांत तो तसाच योजलेला असतो. पण मूळ स्प्रिंगवरच टाय बंप स्टॉपला भिडली असेल तर खाली घ्यायला जागाच नाही.

बसवायचं ठरलं तर उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजून चारही बाजूंची लिहून ठेवा. जमिनीपासून मोजली तर टायरमधली हवा आकडा फिरवते. स्ट्रटची स्प्रिंग दाबायचं काम योग्य कॉम्प्रेसर असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंट आणि बेअरिंगही बदला.

बहुतेक ठिकाणी राहून जाणारी गोष्ट म्हणजे बुश, म्हणजे सांध्यांमधले रबरी तुकडे. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना नव्या उंचीला पुन्हा आवळायला सांगा. चाकं लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कामाच्या जागी उभे राहूनच हे करून घ्या.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये काही मिलिमीटर आणखी बसतात. म्हणून अलाइनमेंट लगेच एकदा आणि त्यानंतर पुन्हा एकदा. टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकला की टायरची आतली कड बाहेरून न दिसता खाल्ली जाते. हेडलाइटचा झोतही जुळवून घ्या, आणि पुढच्या काचेवर चालकाला मदत करणारा गाडीचा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही. तुमच्याकडे असा बदल नोंदवावा लागतो का, हे विमा कंपनीला आधीच विचारा.

जुन्या स्प्रिंगा विकू नका. पुसून, तेलाचा हात फिरवून, पुढची-मागची चिठ्ठी बांधून ठेवा. मी माझ्या मागच्या मूळ स्प्रिंगा परत बसवल्या तेव्हा त्या घरातच होत्या, म्हणून अर्ध्या दिवसात काम झालं. केबल टायचा आकडा इथे लिहा, मग तुमच्या गाडीला २० की २५ ते बघू.