सर्व अहवाल नॉर्मल, तरी आई खंगत चालली आहे. नेमके काय तपासावे?

७८ वर्षांच्या आईंचे रक्ताचे अहवाल व्यवस्थित आहेत, तरी त्या खंगत चालल्या आहेत, मग आता कोणती तपासणी करावी, असे आपण विचारले आहे. फॅमिली डॉक्टर म्हणून मी अशा रुग्णाला पुन्हा प्रयोगशाळेत पाठवण्याआधी खुर्चीवरून उठून ३ मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगतो. त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजतात. मात्र उठताना हातांचा आधार घेतला का, वळताना तोल गेला का, हे मला घड्याळापेक्षा अधिक सांगते.

रक्तदाब ५ मिनिटे आडवे झाल्यावर आणि उभे राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर औषधांचा फेरविचार हवा. केवळ बसून मोजलेल्या आकड्यावरून गोळी वाढवली आणि रुग्ण पहाटे न्हाणीघराच्या दारात कोसळला, असे घडते. एकदा ती चिठ्ठी माझीच होती.

म्हणून औषधांची सबंध पिशवी दवाखान्यात न्यावी, चूर्णे आणि शेजाऱ्यांनी सुचवलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांसकट. दोन डॉक्टरांनी निरनिराळ्या नावांनी लिहिलेले एकच औषध त्यात पुष्कळदा सापडते, आणि सर्दीच्या वा झोपेच्या साध्या गोळीनेही या वयात भ्रम होऊ शकतो किंवा लघवी तुंबू शकते.

आंघोळ, कपडे, शौच, जेवण यांपेक्षा आधी बिघडतात ती पैशांचा हिशेब, स्वयंपाक, वेळेवर औषधे घेणे यांसारखी कामे. ‘आई सगळे करते’ असे मुलगा सांगत असतो आणि सून गप्प असते, तेव्हा मी सुनेला विचारतो.

स्मृतीसाठी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावतात. शाळेत न गेलेल्या बाईंना घड्याळाची कसोटी लावणे मला अन्यायाचे वाटते. दृष्टी, श्रवण आणि मनाची उदासी यांचीही चौकशी व्हावी.

आपल्या वर्णनावरून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वजन. ५० किलोंच्या व्यक्तीचे सहा महिन्यांत, प्रयत्न न करता, अडीच किलो घटले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. जुनी नोंद नसल्यास आईंचे ब्लाउज ढगळ झाले आहेत का आणि कवळी नीट बसते का, एवढे आजच पाहावे.