बेबी कॉर्न दाट लावायचं तर युरिया विभागून द्या

ताई, भातकापणीनंतर दहा गुंठ्यांच्या खाचरात तुम्ही 30 बाय 20 सेंमीवर बेबी कॉर्न टोकलंत, सगळा युरिया पेरतानाच दिलात. झाडं उंच गेली पण शेलाटी, कणसं मोजकीच. आता अंतर वाढवू की युरिया, असं विचारलंत. अंतर वाढवा. युरिया वाढवू नका, तीनदा विभागून द्या.

दाण्याच्या मक्यापेक्षा हे पीक दाट चालतं, कारण दाणा भरायच्या आधीच कणीस खुडायचं असतं, झाडावर तो भार येत नाही. पण दाटीलाही हद्द आहे. 45 बाय 20 वर गुंठ्याला साधारण 1,100 झाडं बसतात, तुमच्या अंतरावर साडेसोळाशे. एवढ्या गर्दीत उजेड पुरत नाही, खोड बारीक राहतं, जरा वारा आला की झाड लोळतं आणि दुसरं कणीस सुटतच नाही. 60 बाय 20 वर झाडामागे कणसं चांगली येतात, पण झाडंच कमी, गुंठ्याचा हिशेब जुळत नाही. मी 45 बाय 20 च सांगेन.

हेक्टरी 150 किलो नत्र (नायट्रोजन) धरलं तर तुमच्या दहा गुंठ्यांना 15 किलो, म्हणजे युरिया सुमारे 33 किलो. मिश्रखत देत असाल तर त्यातलं नत्र वजा करा. आपली जांभ्याची माती नत्र धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली निघून जातं. शिवाय कोवळ्या रोपाची भूक ती किती! खरी भूक गुडघाभर उंचीपासून सुरू होते, आणि तोवर तुमचा युरिया गेलेला असतो. म्हणून एक भाग पेरताना, दुसरा 25 दिवसांनी, तिसरा तुरा दिसायच्या आधी. ओळीपासून चार बोटं लांब टाका, मातीआड करा, मग हलकं पाणी. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, युरियाचे दाणे पडले की पान करपतं, तेवढं जपा.

खालची पानं बघत राहा. टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळेपणा आत सरकत असेल तर नत्र कमी पडतंय. कडा करपत असतील तर पालाश (पोटॅश) कमी आहे, तिथे युरिया ओतून उपयोग नाही.

तुरा बाहेर पडताच उपटा, पानं मात्र तोडू नका. केस दोन-तीन सेंमी दिसले की कणीस खुडा, रोज सकाळी. दोन दिवस राहिलं तर ते जाड होतं आणि व्यापारी घेत नाही. खुडणी संपल्यावर ताटं हिरवी असतानाच कापून गुरांना घाला.