मिडीव्हल २ या कॉम्प्युटर गेममधले रिबेल्स (बंडखोर) आपल्यावर चाल करून का येत नाहीत?

कारण त्यांचा एआय राज्य वाढवायला बनवलेलाच नाहीये. २००६ च्या मिडीव्हल २ टोटल वॉरमध्ये रिबेल्स म्हणायला एक फॅक्शन (राज्य किंवा गट), पण राजा नाही, डिप्लोमसी नाही, शहरातले तर भिंतीआड नुसते बसून असतात. म्हणून सुरुवातीच्या टर्नमध्ये ती शहरं उचला, शेजाऱ्याने उचलायच्या आत. खरा ताप मधेच उगवणाऱ्या टोळ्यांचा, त्या शहराला सहसा हात लावत नाहीत पण रस्त्यावर ठाण मांडून व्यापार अडवतात, आजूबाजूची जमीन उजाड करतात आणि आपण दहा टर्न दुर्लक्ष करून मग उत्पन्न कुठे गेलं म्हणून डोकं खाजवतो (मी खाजवलंय). एक जनरल आणि थोडं घोडदळ फिरतं ठेवा. पब्लिक ऑर्डर (शहरातली शांतता) घसरली तर मात्र आपलंच शहर रिबेल होतं, तेव्हा टॅक्स वेळीच कमी करा.