लिटल मिक्स या ब्रिटिश मुलींच्या पॉप ग्रुपमधली ली-ॲन पिनॉक एकटी का गाऊ लागली? वर्णद्वेषाबद्दल ती बोलते, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

माझ्या मते आहे, आणि बराच आहे. २०११ मध्ये ब्रिटनची ‘एक्स फॅक्टर’ ही टीव्हीवरची गायनस्पर्धा जिंकणारा लिटल मिक्स हा पहिलाच ग्रुप. चौघींत कृष्णवर्णीय म्हणून ओळखली जाणारी ली-ॲन एकटीच. सुरुवातीच्या एका व्हिडिओच्या वेळी नृत्यदिग्दर्शकाने तिला सांगितलं होतं, तू काळी मुलगी आहेस, तुला दहापट मेहनत करावी लागेल. त्याचा अर्थ तिला पुढे कळत गेला. चाहते बाकीच्यांसाठी जीव टाकायचे, हिच्यापाशी आले की उत्साह ओसरायचा. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला, स्टेजवर हसत उभं असताना, हे किती टोचलं असेल!

जून २०२० मध्ये तिने इन्स्टाग्रामवर रडत रडत हे सगळं सांगितलं. २०२१ मध्ये याच विषयावर तिचा बीबीसीवर माहितीपट आला, आणि घरच्यांना सोबत घेऊन तिने कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत करणारा ‘द ब्लॅक फंड’ काढला. मे २०२२ मध्ये ग्रुप थांबला. जून २०२३ मध्ये तिचं पहिलं एकल गाणं आलं. क्रम बघा: आधी बोलली, मग एकटी गायली. जमैका आणि बार्बाडोसची मुळं आता तिच्या गाण्यांत मोकळेपणाने ऐकू येतात.