बाकीच्या पोरींना जमतं, मग हिलाच का नाही?

मे महिन्यात लालबागहून एक आई माझ्याकडे समुपदेशनाला आली, सोबत अकरा वर्षांची मुलगी. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) खुर्चीत नीट बसायच्या आधीच आई सुरू, "मॅडम, सहा महिने झाले शिवाजी पार्कला दोरीच्या मल्लखांबाला घातलंय, बरोबरच्या पोरी हात सोडून आसनं करतात, आणि ही अजून माकडाच्या पिल्लासारखी दोरीला चिकटून, हिच्यात काही कमी आहे का?" मुलगी चपलांकडे बघत सगळं ऐकत होती.

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, कधी मल्लखांबाच्या जागी पोहणं, कधी सायकल. मी आधी एवढंच विचारते की शर्टाची बटणं, बुटाची लेस, जिना, लिहिणं यात लहानपणापासून अडचण आहे का. असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे), मी नंतर. इथे तसलं काहीच नव्हतं, उलट पोरगी आजीसोबत बसून गजरे ओवते आणि आजीपेक्षा फास्ट, असं आईनेच सांगितलं.

मग मी चुकले. मला वाटलं भीती आहे, म्हणून दोन सेशन दीर्घ श्वास वगैरे शिकवत बसले, शून्य फरक. तिसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं तेव्हा कुठे पोरगी बोलली. रोजचा एक तास ठीक असतो, पण रविवारी पप्पा तीन तास करायला लावतात, शेवटी शेवटी पायाचा अंगठा आणि बोटाच्या मध्ये दोरी धरवतच नाही, आणि आई मोबाइलवर व्हिडिओ काढून बॅचमधल्या सगळ्यात भारी मुलीचा पाय आणि हिचा पाय शेजारी शेजारी दाखवते!

वडलांना बोलावलं. ते तर चाळीच्या गॅलरीत दोरी बांधायच्या विचारात होते, ते मी तिथल्या तिथे बंद केलं, खाली मॅट नाही, बघायला सर नाहीत, काय बोलायचं. त्यांचं म्हणणं, जास्त केलं की लवकर येईल ना? मी त्यांना बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांचा 1978 चा अभ्यास सांगितला, ब्रिटनमधल्या पोस्टमनना टायपिंग शिकवलं होतं, त्यात रोज एकच तास करणाऱ्यांना एकूण तास कमी लागले, दिवसातून दोनदा दोन-दोन तास करणारे मागे राहिले. गंमत म्हणजे नाराज होते ते एक तासवालेच, कारण दिवस जास्त लागले. हालचाल सरावात शिकतो पण मुरते ती मधल्या विश्रांतीत, झोपेत, लोणच्यासारखी. "म्हणजे मी नाराजवाल्यांत," म्हणून वडील हसले, आणि रविवार सुटला.

पण खरं काम केलं मल्लखांबाच्या सरांनी. मी त्यांना फक्त हिला जोडी द्या म्हटलं होतं, माझ्या डोक्यात ती भारी मुलगी होती, सरांनी मात्र जिला हेच आसन पंधरा दिवसांपूर्वी जमलं होतं तिला दिलं. कारण भारी मुलीला विचारलं तर ती म्हणते "होतं आपोआप", आणि या जोडीदारणीला अजून आठवत होतं की आपण कुठे अडकलो होतो. ती म्हणाली, "गुडघ्याचा विचार सोड, पायाने दोरी खाली ढकल फक्त, बादलीत कपडे दाबतो ना तशी." सहावीतल्या पोरीने हे सांगावं! स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिलं की हालचाल अडखळते, परिणामाकडे दिलं की मोकळी होते, हे हालचाली कशा शिकल्या जातात यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांतून दिसलेलंच आहे.

नियम एकच ठेवला, एक दोरीवर, दुसरी मॅटपाशी, आणि खालच्या मुलीने दर वेळी एकच गोष्ट सांगायची. आमच्या पोरीला दिसलं की मैत्रीण हात सोडायच्या आधी खाली बघते, आणि मग स्वतःच्या टर्नला कळलं की अरे, मीपण तेच करते.

जुलैत दोघींचं भांडण झालं, लाइनमधल्या नंबरवरून, चार दिवस अबोला आणि सरावही बोंबलला. मी काही केलं नाही. सरांनी दोघींना मिळून मॅटी उचलायला लावल्या, एकटीला उचलत नाहीत त्या.

गणपतीत एक हात सुटला, दसऱ्यानंतर दोन्ही, तीन आकडे मोजेपर्यंत. आईचा फोन आला तो तक्रारीचाच, आता पुढच्या आसनावर अडकलीय म्हणे. मी विचारलं, पप्पा काय करतात रविवारी? "क्रिकेट बघतात. म्हणजे बघायचा प्रयत्न करतात."