हनुवटीवरचे केस, मुरुमं आणि आईला नको असलेल्या गोळ्या

पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचं हार्मोन्सचं दुखणं, निघालं, लग्न झालेलं नसताना डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या आणि आई घेऊ देत नाही, असं तू लिहिलंयस. आईला सांग, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या कडेने मुरुमं असली की उपचारांची सुरुवात बहुधा याच गोळ्यांनी होते. अंडाशयात तयार होणारे पुरुषी हार्मोन्स त्यामुळे घटतात. पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. मात्र मायग्रेनआधी डोळ्यांपुढे चमकत असेल, बीपी असेल, सिगारेट ओढत असशील किंवा घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल, तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

मुरुमं दोन-तीन महिन्यांत बसायला लागतात. केसांना किमान सहा महिने दे, कारण राठ झालेला केस गोळीने गळत नाही, फक्त नवीन येणारा हळूहळू बारीक होतो. तोवर थ्रेडिंग खुशाल कर. त्याने केस दाट होतात हे पार्लरमधलं शास्त्र! सहा महिन्यांत भागलं नाही तर पुरुषी हार्मोन्सचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. त्याने लघवीला जास्त होते आणि ते चालू असताना दिवस राहून चालत नाहीत. आयसोट्रेटिनॉइन मुरुमांना जालीम, गर्भाला फार घातक आणि केसांवर निरुपयोगी. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध पाळीसाठी ठीक, केसांसाठी त्याच्या भरवशावर राहू नकोस.

लेझर जरूर कर, पण हार्मोन्स आटोक्यात नसताना पॅकेजचे पैसे भरलेस तर केस पुन्हा उगवत राहतील. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग त्यातल्या त्यात सुरक्षित, ते मशीन आहे का विचार. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतून करंट देऊन केसाचं मूळ जाळणं.

आता वहिनीने दिलेली ती गोरेपणाची ट्यूब. तू ती जाता जाता सांगितलीस, मला मात्र तीच खटकली. मागची बारीक अक्षरं वाच. मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. आठवडाभर चेहरा उजळतो, मग त्याच चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि लव वाढते. बरेच दिवस लावत असशील तर एकदम बंद केल्यावर चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आणि केस गेल्या काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव. आधी एंडोक्राइनोलॉजिस्टना, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांना गाठ. ते टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईएएस हे पुरुषी हार्मोन्स तपासायला सांगतील, क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ निघते.