वर्षभरातल्या आवडत्या अल्बमची यादी करताना
यादी डिसेंबरात आठवून करायला बसू नकोस. तेव्हा दिवाळीनंतर ऐकलेलंच डोक्यात घोळत असतं आणि जानेवारीतले अल्बम बिचारे मागे पडतात. नवे अल्बम बहुतेक शुक्रवारी येतात (२०१५ पासून जगभर हाच वार ठरलाय), मग शनिवारी दोन ओळी खरडून ठेव: कुठलं गाणं पुन्हा लावलं, कुठे कंटाळा आला.

आणि शफल (गाणी कशीही उलटसुलट क्रमाने लावणं) बंद! गाण्यांचा क्रम कुणीतरी डोकं लावून ठरवलेला असतो. एलपीच्या (जुन्या मोठ्या तबकडीच्या) एका बाजूला जेमतेम २०-२२ मिनिटं मावायची, त्यामुळे उलटल्यावरचं पहिलं गाणं दमदार हवं असायचं.

अ‍ॅपमधले ‘किती वेळा ऐकलं’ हे आकडे फार मनावर घेऊ नकोस, झोपताना लावलेलंही त्यात मोजलं जातं. क्रमांक द्यायचेच तर पहिल्या तिघांना दे, बाकीचे नुसते लिही.